नोकरी एकीची, बिऱ्हाड चौघांचे: पुण्याहून श्टुटगार्टला नेणाऱ्या दोन सेवांचा अनुभव

२०२५ च्या जून महिन्यात आम्ही पिंपळे सौदागरचे बिऱ्हाड आवरून जर्मनीतील श्टुटगार्ट येथे राहायला आलो. नोकरी मला लागली होती. बरोबर माझे पती, सहा वर्षांची थोरली मुलगी आणि अडीच वर्षांचा धाकटा मुलगा. नव्या कंपनीने स्थलांतरासाठी एक ठरावीक रक्कम दिली होती. तिच्यातून आम्ही दोन सेवा घेतल्या: पुण्यातून सामान बांधून समुद्रमार्गे घरपोच पोहोचवणारी एक पॅकर्स कंपनी, आणि श्टुटगार्टमध्ये घर, नोंदणी, बँक, शाळा यांची कामे लावून देणारी एक रिलोकेशन संस्था. दोन्हींची नावे मी येथे देत नाही. एका कुटुंबाच्या अनुभवावरून कुणाच्या नावावर ठपका ठेवणे मला योग्य वाटत नाही, आणि माझा मुख्य आक्षेप या दोघांपेक्षा या व्यवसायाच्या रीतीवर आहे. ही सेवा विकली जाते नोकरी करणाऱ्याला, आणि तिची गरज असते घरातल्या बाकीच्यांना. मला तिसऱ्या दिवशी ऑफिस होते, टेबल होते, प्रश्न विचारायला माणसे होती. माझे पती त्याच दिवशी दोन मुलांना घेऊन एका अनोळखी घरात बसले होते. सेवा चांगली की वाईट, हे मी त्यांच्या त्या दिवसांवरून ठरवले आहे.

प्रथम सामानाचे सांगते. पॅकर्स कंपनीने घराची पाहणी व्हिडिओ कॉलवर केली. वीस मिनिटांत ती आटोपली आणि सामान १५० घनफूट भरेल असा अंदाज आला. आपल्याकडे सामान नेण्याचा दर घनफुटावर, म्हणजे पॅकर्सच्या बोलीत सीएफटीवर, सांगतात आणि युरोपात घनमीटरवर. एका घनमीटरमध्ये साधारण ३५.३ घनफूट बसतात. म्हणजे अंदाज सव्वाचार घनमीटरचा होता. बांधणी झाल्यावर प्रत्यक्षात माप निघाले २१२ घनफूट, म्हणजे सहा घनमीटर, आणि वाढीव पैसे आम्हाला खिशातून भरावे लागले. इतकी तफावत का पडली याचा विचार केल्यावर लक्षात आले, की पाहणीत मुलांची खोली दाखवलीच गेली नव्हती. कॉल चालू असताना धाकटा तिथे झोपला होता, म्हणून आम्ही ‘ती खोली लहानच आहे’ एवढे सांगितले आणि सर्व्हेअरने पुढे काही विचारले नाही. खोली लहान होती हे खरे, पण बाबागाडी, तीनचाकी, गाडीतली मुलांची खुर्ची, खेळण्यातले लाकडी स्वयंपाकघर या वस्तू खोक्यात नीट बसत नाहीत आणि वजनाला हलक्या असल्या तरी जागा भरपूर खातात. ज्या घरात दोन लहान मुले आहेत, त्या घराच्या पाहणीची सुरुवातच मुलांच्या खोलीपासून व्हायला हवी. ज्यांना हे करायचे आहे त्यांना माझी विनंती आहे, की व्हिडिओवर विसंबू नका. माणसाला घरी बोलवा आणि प्रत्येक कपाट उघडून दाखवा.

बांधणीच्या दिवशी पाच माणसे आली. त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे आणि तो येथे नोंदवणे मी माझे कर्तव्य समजते. आमच्या सागवानी देव्हाऱ्यासाठी त्यांनी लाकडी पेटी आणली होती. तिच्या फळीवरचा गव्हाच्या लोंबीचे चित्र आणि ‘एचटी’ ही अक्षरे असलेला छाप सुपरवायझरने मला मुद्दाम दाखवला. उष्णता देऊन कीड मारलेले लाकूड आहे याची ती खूण असते आणि परदेशी जाणाऱ्या लाकडी पेट्यांना ती आंतरराष्ट्रीय नियमानुसार लागते. ‘ताई, हा छाप नसला तर पेटी बंदरात अडकते, मग देवबाप्पा तिथंच राहतात,’ असे ते म्हणाले. स्वयंपाकघरात आल्यावर त्यांनी सासूबाईंनी कढवलेल्या तुपाची बरणी आणि पेढ्यांचा पुडा लगेच बाजूला काढला. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून आणायला, थोडे अपवाद सोडले तर, बंदी आहे, मग ते स्वतःच्या खाण्यासाठी का असेनात. सासूबाईंना वाईट वाटले, पण त्या बरणीपायी सगळ्या खोक्यांची झडती होण्याची वेळ आमच्यावर आली नाही.

त्याच दुपारी जी चूक झाली, तिच्यामुळे हा अनुभव लिहिण्याचे मी मनावर घेतले. धाकट्याची एक गोधडी आहे. माझ्या आईने तिच्या जुन्या सुती पातळांची शिवलेली, एका बाजूला हिरवा काठ असलेली. झोपताना तो काठ दोन बोटांत धरून चोळत राहतो आणि तसाच झोपी जातो. ती विमानाच्या बॅगेत न्यायची म्हणून आम्ही वेगळी काढून पलंगाच्या कोपऱ्यात ठेवली होती. रात्री रिकाम्या घरात चटईवर झोपायची वेळ आली तेव्हा ती सापडेना. सर्व्हेअरच्या यादीत तिचा उल्लेख नव्हता, पॅकिंग लिस्टमध्येही नव्हता आणि ट्रक तोपर्यंत न्हावाशेवाच्या रस्त्याला लागला होता. ती कुठे गेली हे कळले ऑगस्टमध्ये, श्टुटगार्टच्या घरात ४१ क्रमांकाचे खोके उघडल्यावर. मिक्सरच्या भांड्यांना धक्का लागू नये म्हणून कुणीतरी ती त्यांच्याभोवती गुंडाळली होती, तीही इतकी नीट, चारी बाजूंनी दुमडून, की गुंडाळणाऱ्याने मन लावून काम केले होते यात शंका नाही. यादीत त्या खोक्यासमोर लिहिले होते: ‘किचन अप्लायन्स, १ नग’.

गोधडी गुंडाळणाऱ्या त्या कामगार मुलाला मी दोष देत नाही. त्याला समोर एक मऊ, जुने कापड दिसले. दोष पद्धतीचा आहे. बरोबर न्यायच्या वस्तू सकाळी एका खोलीत ठेवून त्या खोलीला कुलूप लावायचे आणि किल्ली घरच्या माणसाकडे द्यायची, एवढा एक नियम कंपनीने केला असता तर हे घडले नसते. मधले अकरा आठवडे धाकट्याला झोपवताना रोज दीड-दीड तास जात असे. नवे घर, नवा उजेड (जून महिन्यात इथे रात्री दहापर्यंत संधिप्रकाश असतो), आणि हातात काठ नाही. आम्ही तसेच दुसरे पांघरूण देऊन पाहिले. ते त्याने शांतपणे बाजूला सरकवले.

अकरा आठवड्यांचेही थोडे सांगायला हवे. आम्हाला सांगण्यात आले होते सहा ते सात आठवडे. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाज कंपन्यांनी सुएझचा मार्ग सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली आणि त्यात दीड-दोन आठवडे सहज वाढतात. शिवाय आमच्यासारख्यांचे सामान इतरांच्या सामानाबरोबर एकाच कंटेनरमध्ये जाते, त्यामुळे तो कंटेनर भरेपर्यंत थांबावे लागते. या दोन्ही गोष्टी कंपनीला पाहणीच्या दिवशीही माहीत होत्या. उशीर झाला याचा मला राग नाही. तो आधी सांगितला नाही, याचा आहे. अकरा आठवडे लागतील हे माहीत असते तर आम्ही मुलांचे पावसाळी कपडे आणि थोरलीची पुस्तके बरोबर घेतली असती.

पैशांबाबत एक इशारा देते. आमच्या कोटेशनमध्ये ‘घरपोच’ असा शब्द होता. तरीही सामान हॅम्बुर्गला उतरल्यावर तिथल्या हाताळणीचे ६४० युरोंचे बिल आले. अटींच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, पोहोचण्याच्या बंदरातील खर्च वेगळा असल्याची ओळ होती आणि आम्ही ती वाचली नव्हती. स्वस्त वाटणारे कोटेशन बऱ्याचदा याच ओळीमुळे स्वस्त असते. विम्याचेही तसेच. कंपनीने बांधलेल्या खोक्यांना फुटतुटीचे संरक्षण होते; घरच्यांनी बांधलेल्या खोक्यांना नव्हते. माझ्या आईने मायेने, वर्तमानपत्रांत गुंडाळून भरलेला चिनी मातीचा संच निम्मा फुटून आला आणि त्याचा दावा नाकारण्यात आला. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते, पण नियम आधी कळला असता तर आम्ही ते खोके त्यांनाच बांधू दिले असते.

जर्मन कस्टम्सचा नियम मात्र समजून घेतला तर सोपा आहे. बारा महिने युरोपीय संघाबाहेर राहिलेल्या माणसाला, किमान सहा महिने वापरलेले घरचे सामान, नवे घर मांडण्यासाठी करमुक्त आणता येते. पुढे बारा महिने ते विकायचे किंवा कुणाला वापरायला द्यायचे नाही. निघण्याच्या महिनाभर आधी आम्ही उत्साहाने नवा मिक्सर आणि नवा कुकर घेतला होता. पॅकिंग लिस्टमध्ये त्यांच्यापुढे ‘नवीन’ असे लिहिले गेले, आणि त्या दोन वस्तूंवर कर भरावा लागला. विजेचा दाब दोन्हीकडे २३० व्होल्ट असल्याने पुण्याचा मिक्सर इथे विनातक्रार चालतो, फक्त प्लगसाठी जोडणी लागते. तेव्हा जुना चालू मिक्सर आणणेच शहाणपणाचे.

आता श्टुटगार्टच्या बाजूकडे येते, आणि इथे मला बरेच चांगले लिहायचे आहे. पुणे-चाकणच्या वाहन उद्योगातून इथे येणारी कुटुंबे नवीन नाहीत. बॉश, मर्सिडीज, पोर्श या शहरात आणि त्याच्या आसपासच्या भागांत आहेत, आणि मुंबई व श्टुटगार्ट ही तर १९६८ पासून जुळी शहरे आहेत. त्यामुळे संस्थेच्या समन्वयक बाईंना भारतीय कुटुंबांच्या अडचणी पुष्कळशा ठाऊक होत्या. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्याला मिळणारा इथे राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना, असलेल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि त्याला इथे नोकरीही करता येते, हे त्यांनी पहिल्याच फोनवर स्पष्ट केले, त्यामुळे माझ्या पतींवरचे मोठे दडपण उतरले.

त्यांच्या कामाची खरी किंमत मला कळली ती नोंदणीच्या वेळी. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते, तिला ‘अनमेल्डुंग’ म्हणतात, आणि तिच्यासाठी घरमालकाचे सही केलेले पत्र लागते. नोंदणीशिवाय कराचा अकरा आकडी क्रमांक पोस्टाने येत नाही. तो नसेल तर मुलांचा भत्ता, जो २०२५ मध्ये दर मुलामागे महिना २५५ युरो होता, अडून राहतो. आणि आपले सामान कस्टम्समधून सोडवतानाही इथे राहायला आल्याचा पुरावा म्हणून हाच कागद दाखवावा लागतो. सगळी साखळी त्या एका सहीपासून सुरू होते. पहिल्या काही आठवड्यांसाठी जी तयार फर्निचरची घरे भाड्याने मिळतात, त्यांतले बरेच मालक हे पत्र देत नाहीत. समन्वयक बाईंनी आमच्यासाठी तात्पुरते घर निवडताना ही अट आधी विचारली, मग भाडे विचारले. आमच्याबरोबरच आलेल्या एका कुटुंबाने स्वतः घर शोधले, त्यांना ते पत्र मिळाले नाही आणि त्यांचा एक महिना केवळ त्यापायी गेला. या एका कामासाठी मी संस्थेला पूर्ण गुण देते.

कायमचे घर शोधतानाही त्यांची मदत मोलाची ठरली. इथे रिकामे घर म्हणजे खरोखर रिकामे असते. अनेक घरांत स्वयंपाकघराचा ओटा, कपाटे, शेगडी यांपैकी काहीही नसते आणि छतातून दिव्यांच्या नुसत्या तारा लोंबत असतात. लहान मुले असताना अशा घरात जाऊ नका, असे त्यांनी बजावले आणि तयार स्वयंपाकघर असलेलीच घरे दाखवली. अनामत रक्कम कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क असतो, हेही त्यांनीच सांगितले. नवे बिऱ्हाड मांडताना ही सवलत मोठी आहे. किल्ल्या घेण्याच्या दिवशी त्या दोन तास घरभर फिरल्या. न्हाणीघरातल्या फरशीची एक चीर, खिडकीच्या चौकटीवरचा ओरखडा, पाण्याच्या आणि विजेच्या मीटरचे आकडे, असे सारे त्यांनी हस्तांतराच्या कागदावर लिहून घेतले आणि मालकाची सही घेतली. धाकट्याने पहिल्याच आठवड्यात भिंतीवर तेलखडूने जे काढले, ते अर्थात त्या कागदावर नाही.

इमारतीतल्या एका घराच्या दाराला एक पाटी टांगलेली असते. ज्याच्या दारावर ती असेल त्याने त्या आठवड्यात जिना आणि अंगण झाडायचे. श्वाबेन प्रांताची ही जुनी रीत, तिला ‘केरवोखे’ म्हणतात. त्या शब्दातला ‘केर’ आणि आपला केर यांचा मेळ पाहून आम्हाला तो लगेच पाठ झाला. हेही समन्वयक बाईंनी आधीच सांगून ठेवले होते, म्हणून शेजाऱ्यांशी पहिली ओळख तक्रारीने झाली नाही.

मात्र जिथे आम्हाला सर्वांत जास्त गरज होती, तिथे ही संस्था कमी पडली. वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला बालवाडीत, म्हणजे ‘किटा’मध्ये, जागा मिळण्याचा हक्क जर्मनीत १ ऑगस्ट २०१३ पासून कायद्याने आहे. हक्क आहे, पण जागा पुरेशा नाहीत. आमच्या करारात ‘बालसंगोपन सहाय्य’ असे कलम होते. प्रत्यक्षात त्याखाली आम्हाला मिळाली चौदा पत्त्यांची एक यादी. अर्ज कुठे करायचा, प्रतीक्षायादी कशी चालते, कुणाला फोन करायचा, यांपैकी काही नाही. विचारल्यावर कळले, की अर्ज भरणे आणि पाठपुरावा हा ‘वरच्या पॅकेज’चा भाग आहे. माझ्या बँक खात्यासाठी कुणीतरी प्रत्यक्ष सोबत आले, जे मी एकटीने करू शकले असते. आणि ज्या मुलाला भाषा येत नाही, ज्याच्या वडिलांनाही ती येत नाही, त्याच्या जागेसाठी एक यादी. या मांडणीत कुटुंबाचा क्रम उलटा लावलेला आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते.

शेवटी माझ्या पतींनी ते चौदा पत्ते पायी पालथे घातले. श्टुटगार्ट एका खोलगट दरीत आणि तिच्या उतारांवर वसलेले आहे; बाबागाडी घेऊन ते चढ चढायचे आणि शिकून घेतलेली चार जर्मन वाक्ये प्रत्येक दारात म्हणायची, असा त्यांचा सप्टेंबर गेला. नोव्हेंबरमध्ये जागा मिळाली. त्यानंतरही मूल पहिल्या दिवसापासून सोडून येता येत नाही. सुरुवातीचे दिवस पालकाने आत, एका कोपऱ्यात बसून राहायचे, मग दहा मिनिटे बाहेर जायचे, मग अर्धा तास, असे हळूहळू मुलाला रुळू द्यायचे. ही पद्धत मला फार आवडली. पण तिला आमच्याकडे चार आठवडे लागले, आणि या चार आठवड्यांत दोघेही नोकरी करणारे असतील तर एकाला रजा घ्यावीच लागते, ही गोष्ट कुणीही आम्हाला आधी सांगितली नाही. संस्थेच्या पहिल्या माहितीपत्रकात ही ओळ ठळक अक्षरांत असायला हवी.

थोरलीच्या शाळेबाबत मात्र तक्रार नाही. २०२० पासून इथे शाळेत आणि बालवाडीत गोवराच्या लसीचा पुरावा सक्तीचा आहे. निघण्याआधीच संस्थेने आमच्या बालरोगतज्ज्ञांकडून तारखांसह, इंग्रजीत, सहीशिक्क्याचे पत्र घ्यायला लावले, कारण आमच्या लसीकरणाच्या कार्डावर हाताने लिहिलेली औषधांची नावे इथे कुणालाही वाचता आली नसती. जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी असलेल्या तयारीच्या वर्गात तिला सप्टेंबरच्या मध्यात प्रवेश मिळाला. पहिलीत जाणाऱ्या मुलाच्या हातात पहिल्या दिवशी खाऊ आणि रंगांनी भरलेला कागदाचा मोठा शंकू देतात. समन्वयक बाईंनी दोन दिवस आधी फोन करून ते सांगितले आणि कुठल्या दुकानात मिळेल तेही सांगितले. हे कुठल्याच पॅकेजमध्ये नव्हते. शाळेच्या अंगणात सगळ्यांच्या हातात शंकू होते, आणि आमच्या मुलीच्याही हातात होता.

कुणी विचारले तर रिलोकेशन संस्था मी पुन्हा घेईन, पण करारावर सही करण्याआधी बँक खाते आणि शहरदर्शन ही कलमे काढून टाकायला सांगेन आणि त्यांच्या जागी बालवाडीचे अर्ज, पाठपुरावा आणि भेटींना दुभाषी, असे स्पष्ट शब्दांत लिहून घेईन. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने नुकतेच असे मागितले आणि त्यांना ते जादा पैसे न देता मिळाले. पॅकर्स कंपनी मी पुन्हा घेणार नाही. त्या पाच माणसांना मात्र आनंदाने घरी बोलावेन. कंपनीला मी गोधडीबद्दल सविस्तर लिहिले. महिन्याभराने उत्तर आले, की हरवलेली वस्तू सुस्थितीत पोहोचली असल्याने भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. आम्ही भरपाई मागितलीच नव्हती. बांधणीच्या सकाळी एक खोली कुलूपबंद करावी, एवढेच सुचवले होते, आणि त्या सूचनेचे काय झाले याबद्दल पत्रात काही नाही.